रानाच्या तोंडावरचं फाटक

मी फाटक बोलतोय. लोखंडी, दोन झडपांचं, माणसाच्या छातीच्या वर आणि डोक्याच्या खाली एवढ्या उंचीचं. गावातली शेवटची घरं संपली की चढ लागतो आणि चढ संपला की रान सुरू होतं. त्या रानाच्या तोंडावर मला उभं केलं.

माझा जन्म वेल्डरच्या दुकानात झाला. पाण्याचे जुने नळ कापून, जोडून त्यानं मला बनवलं. म्हणजे गेल्या जन्मी मी लोकांच्या घरी पाणी पोचवत होतो आणि या जन्मी त्यांचं सरपण अडवायला लागलो. कुठेतरी पुण्य कमी पडलं असणार. वेल्डर हौशी माणूस. "मधे एखादी वेल काढू का? पानंफुलं?" त्यानं वनखात्याच्या माणसाला विचारलं.

"रानाच्या दारात लोखंडी वेल कशाला? सरळ गज बसव. माणूस आत जाता कामा नये, एवढं बघ."

वेल्डरनं सरळ गज बसवले. रंग मात्र स्वतःच्या मनानं पोपटी दिला. तेवढीच त्याची हौस भागली.

मी यायच्या आधी त्या जागी नुसती पायवाट होती. माझे खांब रोवायला खड्डे खणायला घेतले, तर जमीन इतकी घट्ट की पहार उडून परत येई. "एवढी दाबली कुणी ही?" एका मजुरानं वैतागून विचारलं. दुसरा म्हणाला, "पायांनी." मग दोघंही खणत राहिले. माझ्या आयुष्याची सुरुवात अशी झाली. लोकांच्या पायांनी तयार केलेल्या वाटेत मी पाय रोवून उभा राहिलो.

मला बसवायला कारण नव्हतं असं नाही. रान विरळ होत चाललं होतं. लोक वाळलेलं वेचत तसे ओल्या झाडांवरही कोयते चालवत, आणि ज्याला विचारावं तो म्हणे, "मी एकट्यानं तोडलं नाही तर काय रान वाचणार आहे?" खात्यानं मग सोपा उपाय केला. माझ्या गजांवर पाटी ठोकली, ‘आत जाण्यास सक्त मनाई’, आणि शेजारी एका खोलीची चौकी बांधली. चौकीत रखवालदार आला. त्याचं नाव बारक्या.

बारक्या ताडासारखा उंच. चौकीच्या दारातून जाताना त्याला वाकावं लागे. पण घरात सगळ्यात धाकटा म्हणून लहानपणी पडलेलं नाव काही केल्या सुटलं नाही. तो याच गावचा. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली आणि त्याला आत्यानं वाढवलं. आत्या फोकांच्या टोपल्या विणायची. फोक म्हणजे रानातल्या झुडपांच्या लांब, लवचीक काड्या. त्या टोपल्या विकून तिनं बारक्याला शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. सख्खी ती एकट्या बारक्याची, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणे.

नोकरीच्या पहिल्या दिवसांत बारक्याची फार ओढाताण झाली. एकीकडे खाकी कपडे, दुसरीकडे ज्यांच्या खांद्यावर बसून तो मोठा झाला ती माणसं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग त्यानं एक मधली वाट काढली. दुपारी माझं कुलूप लटकलेलं असे, पण लागलेलं नसे. आत्या यायची, माझी झडप हलकेच ढकलायची, "बारक्या, मी आले रे," असं म्हणून आत जायची. तिला झुडपं माहीत होती. जुने फोक काढायची, कोवळे ठेवायची, पुढच्या वेळेला झुडूप पुन्हा भरलेलं असायचं. मला ते बरं वाटे. आपण दिसतो तेवढे दुष्ट नाही, अशी माझी मी समजूत काढत असे.

अशा मधल्या वाटा फार लांब जात नाहीत.

एके दिवशी न कळवता मोठे साहेब तपासणीला आले. त्यांची जीप चढ चढून माझ्यासमोर उभी राहिली आणि नेमकी त्याच वेळी आतून आत्या बाहेर आली. डोक्यावर फोकांचा भारा, कमरेला कोयता.

साहेब वाईट नव्हते. रान वाचावं असं त्यांना मनापासून वाटे. पण ते नवीन होते, आणि याआधीच्या ठिकाणी रखवालदारांनीच रान विकलेलं त्यांनी पाहिलं होतं. कुंपणच शेत खातं याचा त्यांनी धसका घेतला होता.

"ही आत कशी गेली?" त्यांनी विचारलं.

बारक्यानं सलाम ठोकला.

"ओळखता का हिला?"

बारक्यानं आत्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. मग, का कोण जाणे, माझ्याकडे. मी काय करणार? मी आपला अर्धवट उघडा उभा.

"नाही साहेब," बारक्या म्हणाला.

आत्याच्या डोक्यावरचा भारा जरासा हलला. बाकी काही हललं नाही.

"मग बघताय काय? भारा खाली घ्या. कोयता जमा करा."

बारक्या पुढे झाला. ज्या आवाजात त्यानं आजवर फक्त ‘आत्या, भूक लागली’ म्हटलं होतं, त्याच आवाजात तो म्हणाला, "ए बाई, भारा खाली टाक."

आत्यानं भारा टाकला नाही, ठेवला. माझ्या खांबाला टेकवून नीट उभा ठेवला. कोयता काढून त्याच्या हातात दिला, मूठ त्याच्याकडे करून, लहान मुलाच्या हातात देतात तसा.

साहेबांना अजून संशय होता. "बाई, खरं सांगा. यांनी सोडलं का तुम्हाला आत?"

"छे हो," आत्या म्हणाली. "मी कुठं यांना ओळखते? नाल्याकडून चढून आत गेले. हे तर फार कडक आहेत म्हणतात."

आणि ती चढ उतरून निघून गेली. आयुष्यभर ओझं वाहिलेली मान, रिकामी असूनही तशीच ताठ होती. बारक्या कोयता हातात धरून बघत राहिला. साहेब शाबासकीचं काहीतरी बोलले. ती शाबासकी ऐकताना त्याचं तोंड असं झालं होतं की चपराक परवडली असती.

संध्याकाळी त्याची बायको गावातल्या नळावरून पाणी घेऊन आली. गावात गोष्ट पोचली होती. तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. चौकीचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं.

"आत्यांनी निरोप दिलाय," ती म्हणाली.

"काय?"

"म्हणाल्या, त्याची नोकरी राहिली ना? मग झालं."

बारक्या हात धुऊन उठला. तो माझ्यापाशी आला, वाकून गजांना कपाळ टेकवून उभा राहिला. त्याच्या कपाळाला माझा पोपटी रंग लागला. रडला असता तर बरं झालं असतं, पण तो रडला नाही. त्यानं माझं कुलूप ओढून पाहिलं आणि पहिल्यांदाच घट्ट लावलं. एक दिवस खोटं बोलल्याची भरपाई त्यानं रोज कडक वागून करायला घेतली.

भारा माझ्या खांबापाशीच राहिला. फोक वाळले, पिवळे पडले, त्यांचं सरपण झालं, तरी गावातल्या कुणी त्याला हात लावला नाही. चुलीत घालायला काटकी नव्हती त्यांनीही नाही. येता-जाता माणसं भाऱ्याकडे बघत, मग माझ्याकडे, आणि थुंकत. मी फाटक. मला तोंड फिरवता येत नाही.

पुढची वर्षं मी बंद होतो. साहेब खूष होते, कारण माझ्यातून कुणी जात नव्हतं. नाल्याकडून मात्र जात होते. पूर्वी रान आपलं म्हणून तोडत, आता चोर म्हणून तोडू लागले, आणि चोराला घाई असते. जे हाताला येईल ते, कोवळं, जून, मुळासकट. आत्या तेवढी गेली नाही. तिनं बाजारातून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या आणि त्यांच्या टोपल्या विणू लागली. रंगीबेरंगी. त्या टोपल्या चढाखालच्या चहाच्या दुकानात टांगलेल्या मला इथून दिसत. दुकानदाराला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की कान पिळल्याशिवाय बंद होत नसे. तो गिऱ्हाइकांना मोठ्यानं सांगे, "घ्या, घ्या! रानातलं काही नाही यात. रखवालदारसाहेबांना विचारा हवं तर!" बारक्या समोरून जात असला की आवाज आणखी चढे. बारक्या खाली मान घालून जाई.

आणि रानात पाचोळा साठत होता. पूर्वी सरपणाला जाणारी माणसं जाता-येता जाळरेषा साफ ठेवायची. जाळरेषा म्हणजे रानातून झाडून काढलेला मोकळा पट्टा. आग तिथवर आली की तिला पुढे खायला मिळत नाही. आता त्या पट्ट्यावर गवत वाढलं, वाळलं, त्यावर पानं पडली. बारक्या एकटा किती झाडणार?

उन्हाळ्यातल्या एका दुपारी वणवा लागला. कशानं ते कुणालाच कळलं नाही. आधी वास आला, मग पलीकडच्या उतारावर धूर दिसला, आणि मग तो आवाज. हजार माणसं एकदम पाचोळ्यातून धावताहेत असा. बारक्यानं माझ्या दोन्ही झडपा धाडकन उघडल्या. साहेबांची जीप आली, सोबत चार-पाच मजूर. तेवढ्यांनी काय होणार? बारक्या धावत चढ उतरला. रेडिओच्या दुकानात माणसं बसली होती. धूर त्यांनाही दिसत होता.

"वणवा लागलाय, चला!"

कुणी उठेना. रेडिओनं पेला फडक्यानं पुसत विचारलं, "कुणाचं रान जळतंय?"

"आपलं रान जळतंय!"

"आपलं? मग फाटकावर पाटी कुणाची आहे? आम्हाला वाचता येतं रे."

माणसं हसली नाहीत. हसली असती तर बारक्याला भांडता आलं असतं. तो तसाच परत आला. माझ्यापाशी पोचेपर्यंत त्याला दम लागला होता, आणि तो नुसत्या चढाचा नव्हता. साहेबांनी विचारलं, "किती जण येताहेत?" त्यानं नुसती मान हलवली. साहेब चढाखाली बघत राहिले. इतकी माणसं डोळ्यांदेखत बसलेली आणि आपल्यासाठी एक उठत नाही, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला.

आणि मग चढावरून आत्या येताना दिसली. खांद्यावर ओलं पोतं, पोत्यातून पाणी निथळतंय. मी सताड उघडा होतो, तरी ती माझ्या दोन खांबांच्या मधल्या रेषेवर येऊन थांबली.

"आत येऊ का?" तिनं विचारलं. "नियम आहे म्हणून विचारते."

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती ती, म्हणून तर जास्त झोंबलं. साहेब दोन पावलांवर उभे होते.

"आत्या," तो अखेर म्हणाला. मग मोठ्यानं, "आत्या, ये! साहेब, ही माझी आत्या आहे. मला हिनं वाढवलंय. त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ते नंतर सांग," आत्या म्हणाली. "आग कुठवर आलीय?"

ती आत गेली. तिच्यामागून पोती घेऊन बायका आल्या, मग तरणी माणसं, मग म्हातारी. सगळ्यात शेवटी रेडिओ आला, हातगाडीवर पाण्याचं पिंप लादून. माझ्याजवळून जाताना त्या एवढ्या बोलक्या माणसानं तोंडातून ब्र काढला नाही. पलीकडच्या वस्तीवरचे मेंढपाळही डोंगर उतरून आले. सगळ्यांनी मिळून नाल्याच्या काठावर आग झोडपून थांबवली. अर्धा उतार तोपर्यंत काळा झाला होता.

संध्याकाळी सगळे माझ्या खांबांना टेकून बसले. काजळीनं कोण साहेब आणि कोण मजूर हे ओळखू येत नव्हतं. बारक्याची बायको सगळ्यांना पाणी देत होती. साहेब जमिनीवर बसले होते.

"जाळरेषा आधी साफ असायची म्हणतात," ते म्हणाले.

"असायची," कुणीतरी म्हटलं.

"मग का थांबलात?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ना? माझे तर पाय जमिनीतच होते, पण ती काही दुभंगली नाही.

"खोटं कशाला बोला," आत्या म्हणाली. "आम्ही झाडायचो तसं तोडायचोही. ओलंसुद्धा."

त्या दोन वाक्यांनंतर बोलणं सुरू झालं. पुढे कितीतरी बैठका माझ्यापाशी झाल्या. भांडणं झाली, रेडिओ दोनदा उठून गेला आणि दोनदा स्वतःच परत आला. शेवटी ठरलं ते असं. रानाचे भाग पाडायचे. एका वर्षी एकच भाग उघडा, बाकीच्यांना विश्रांती. गावानं आणि मेंढपाळांच्या वस्तीनं आळीपाळीनं राखण करायची, जाळरेषा सगळ्यांनी मिळून झाडायची. नाल्यापलीकडचे, आगीतून वाचलेले भाग आधी उघडावेत असं साहेब म्हणाले, कारण अलीकडचा भाग फार ओरबाडला गेला होता. आणि विश्रांतीच्या भागात कोयता नेणाऱ्या घराचा कोयता सबंध हंगाम खुंटीला. हा नियम आत्यानं सुचवला. "कुणीही असो, कुणाचाही असो," ती म्हणाली. साहेबांनी माझी पाटी काढायला लावली. बारक्यानं आत्याचा जमा केलेला कोयता धार लावून तिला परत दिला. दोघंही एकमेकांकडे न बघता बोलले.

पहिलं वर्ष बरं गेलं. झुडपांना फोक फुटले. माझ्यातून पुन्हा पाय जाऊ लागले आणि मला वाटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या वर्षी अलीकडच्या भागातली कोवळी झुडपं कुणीतरी तोडली. थोडीशीच, पण तोडली. कुणी ते बारक्याला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तो चौकीच्या पायरीवर बूट शिवत बसला असताना आत्या झुडपांमधून बाहेर आली होती. नाल्याकडून नाही, विश्रांतीच्या भागातून. काखेत छोटासा भारा. गुडघे धरून, थांबत थांबत चालत होती. बारक्यानं बघितलं. बघितलं हे तिनं बघितलं.

"तू काही बघितलं नाहीस," ती हळूच म्हणाली आणि माझ्यातून निघून गेली.

बारक्याच्या हातातली सुई तशीच राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ. एकदा त्यानं स्वतःची नोकरी वाचवायला तिची ओळख नाकारली होती. आता ती स्वतः तेच मागत होती, आणि यावेळी दिलं तर ते तिच्यासाठी असणार होतं. किती सोपं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बैठक भरली. रेडिओ नेहमीप्रमाणे आधी सुरू झाला. "मी सांगतो कुणी तोडलं. वस्तीवरच्यांनी. त्यांना आत घेऊ नका म्हणत होतो मी!"

वस्तीचा म्हातारा मेंढपाळ खाली घोंगडी पसरून बसला होता. तो उठला. घोंगडी झटकली, घडी घातली. "आम्ही राखण करायला आलो होतो," तो म्हणाला. "चोर म्हणवून घ्यायला नाही." त्याच्यामागे त्याची माणसं उठली. ती गेली असती तर डोंगराच्या माथ्यावर नजर ठेवणारं कुणी उरलं नसतं. आणि पुढच्या वणव्याला त्यांनीही विचारलं असतं, कुणाचं रान?

बारक्या आत्याकडे बघत होता. बोल, बोल, असं त्याचे डोळे तिला विनवत होते. आत्या जमिनीकडे बघत बसली. मेंढपाळ माझ्या खांबापर्यंत पोचला.

"थांबा बाबा," बारक्या म्हणाला. "तुम्ही नाही तोडले. माझ्या आत्यानं तोडले. मी बघितलं."

कुणीतरी म्हणालं, "अरे, कुंपणानंच शेत खाल्लं की." माझी बिजागरी वाऱ्यानं करकरली, तर मलाच ओशाळायला झालं.

आत्या उठायला लागली. गुडघ्यांनी साथ दिली नाही, पुन्हा बसली. बारक्याची बायको धावली, तिला आत्यानं हातानंच थांबवलं आणि खांबाला धरून स्वतः उभी राहिली. माझ्या अंगाला तिचा हात लागला होता.

"खरं आहे," ती म्हणाली. "नाल्यापलीकडे जाववत नाही आता. उतरलं तर चढता येत नाही. सांगायची लाज वाटली." मग मेंढपाळाकडे वळून, "तुमच्यावर ढकलत होते ते मी ऐकत बसले, बाबा. या पापाला तर नावच नाही."

मेंढपाळानं घोंगडी पुन्हा पसरली. बसला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पलीकडचे भाग आधी उघडायचे हे मीच म्हटलं होतं," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांनी नाला ओलांडायचा कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही." रेडिओ मेंढपाळाशेजारी जाऊन बसला. माफी मागताना त्याचा आवाज इतका लहान झाला की मेंढपाळाला दोनदा विचारावं लागलं, "काय म्हणालात?"

आत्याला सूट द्यावी असं दोघातिघांनी सुचवलं. ती ऐकेना. तिचा कोयता सबंध हंगाम खुंटीला राहिला. तिच्या ओसरीत एकही टोपली दिसली नाही, आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्याही तिनं पुन्हा आणल्या नाहीत. ती चौकीकडे फिरकेना. बारक्या गावात गेला की ती आतल्या खोलीत जायची, असं त्याची बायको सांगे.

मग एका सकाळी ती आली. चौकीच्या पायरीवर बसली. बारक्याच्या बायकोनं चहा आणून दिला. बारक्या समोर उभा, एवढा मोठा ताडमाड माणूस, हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखा.

"तेव्हा ओळखत नाही म्हणालास," आत्या चहात बघत म्हणाली, "तेव्हा एवढं लागलं नव्हतं मला. या खेपेला ओळख दाखवलीस ते लागलं."

"आत्या…"

"बरोबर केलंस. पण लागलं. दोन्ही खरं आहे." तिनं कप खाली ठेवला. "बस आता. उभा राहून मान दुखवतोस माझी."

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला.

हंगाम संपायच्या आधी वेल्डरला बोलावलं. नाल्यावर साकव हवा होता. साहेबांनी वरून मागवलेली मंजुरी यायला वेळ लागणार होता आणि लाकूड तोडायचं तर साकवासाठी रान तोडल्यासारखं. तेव्हा रेडिओ मोठ्यानं म्हणाला, "हे एवढं लोखंड इथे दिवसभर उघडंच उभं असतं. याला दोन झडपा कशाला लागतात?" वेल्डरनं मला ओळखलं, गजांवरून हात फिरवला, आणि माझी डावी झडप बिजागरीतून उतरवली. दुखलं. खोटं सांगत नाही. मेंढपाळांनी आणि गावकऱ्यांनी मिळून ती खांद्यावर नेली, नाल्यावर आडवी टाकली, वर जुन्या फळ्या बसवल्या, कडेला धरायला नळ लावला.

आत्या साकवावर पहिल्यांदा आली तेव्हा बारक्यानं हात पुढे केला. "हात नको," ती म्हणाली. "मागून ये. पडले तर बघ." ती एकेक पाऊल टाकत गेली. माझे गज तिच्या पायाखाली वाजले.

आता माझा पोपटी रंग उडालाय. इकडे एक झडप उभी, तिकडे एक आडवी. रोज माझ्या अंगावरून माणसं जातात, मेंढ्या जातात, भारे येतात. त्यामुळे माझी शरम गेली, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण गेली नाही. उलट ही माणसं इतक्या सहज माझ्यावर पाय देऊन जातात, जणू मी कधी त्यांना अडवलंच नव्हतं, तेव्हा तर फारच खजील व्हायला होतं. मग मी एवढंच करतो, हलत नाही. घट्ट राहतो.

तुम्हीही या कधी. कुणी विचारणार नाही कोण तुम्ही, कुणाचे. पावसात फळ्या निसरड्या होतात, तेवढे जपून पाय टाका. आणि परत येताना ओझं बेताचं आणा. मी जुना आहे, आणि पलीकडे जे उभं आहे ते माझ्याहून जुनं आहे.